पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या : नव्या डीलरने आणि मॅनेजरने काय, कधी आणि कसं तपासायचं

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, वजनाने साधारण ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा ठेवली आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. भागाकार करून पाहा. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं, तर जवळपास ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेच्या काठावर येतं. १० हजार लिटरचे ९० टँकर. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता वाद उरलेला नाही.

हा आकडा सुरुवातीलाच दिला, कारण नवा पंप घेणाऱ्याला बाकी सगळं शिकवलं जातं: विक्री, कॅश, युनिफॉर्म, स्वच्छतागृह, हवा. टाक्यांबद्दल मात्र 'कंपनी बघते' एवढंच ऐकायला मिळतं. कंपनी बघते हे खरं आहे. पण रोज सकाळी झाकण उघडून डीप मारणारा, म्हणजे टाकीत रॉड बुडवून साठ्याची उंची मोजणारा, माणूस तुमच्या पंपावरचा असतो, आणि गळतीची पहिली खूण त्याच्याच वहीत उमटते. ती कशी ओळखायची हे या लेखात सांगितलं आहे. पंप नुकताच चालवायला घेतलेल्यांसाठी तो आहे, पण पंपाशेजारी ज्यांची विहीर किंवा बोअर आहे त्यांनीही शेवटपर्यंत वाचावा.

पहिलं काम : खाली काय पुरलंय ते माहीत करून घ्या

मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या आणि ती हातात धरून आवारात फिरा. प्रत्येक टाकीचं मॅनहोल, फिल पाइप (माल भरायची नळी), व्हेंट पाइप (वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि टाकीपासून डिस्पेन्सरपर्यंत, म्हणजे गाडीत इंधन भरणाऱ्या मशीनपर्यंत, जाणाऱ्या लाइनचा मार्ग जागेवर ओळखता आला पाहिजे. मग प्रत्येक टाकीसाठी एक पान करा: क्षमता, बसवल्याचं वर्ष, एकपदरी की दुपदरी, बाहेरचं कोटिंग कोणतं, शेवटची दाब चाचणी कधी झाली, शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे डीपच्या उंचीवरून लिटर सांगणाऱ्या चार्टची पडताळणी, कधी. जुना पंप हस्तांतरित होऊन आला असेल तर ही माहिती लेखी मागा. कुणी तोंडी 'टाक्या चांगल्या आहेत' म्हणालं, तर त्यावर काम भागवू नका.

एक गोष्ट खास विचारा: माल ओढला जातो की ढकलला जातो? जुन्या पद्धतीत डिस्पेन्सरमधला पंप टाकीतून माल ओढून घेतो. अशा लाइनला भोक पडलं तर बहुतेक वेळा आत हवा शिरते, नोझल धडधडतं, फ्लो तुटतो. म्हणजे बिघाड स्वतःहून कळतो. नव्या पद्धतीत टाकीत बुडालेला पंप, म्हणजे एसटीपी, माल दाबाने लाइनमध्ये ढकलतो. इथे भोक पडलं तर माल दाबाने बाहेर मातीत जातो आणि नोझलवर काहीच जाणवत नाही. एसटीपी असेल तर लाइन लीक डिटेक्टर बसवलाय का, आणि तो चालू आहे हे शेवटचं कधी तपासलं, हे दोन प्रश्न सोडू नका.

कागदपत्रं : थोडक्यात, पण मूळ प्रती डोळ्यांनी बघा

पाया म्हणजे पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि त्याखालचे पेट्रोलियम नियम, २००२. अंमलबजावणी करते पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पंपावरचे लोक अजूनही तिच्या परवान्याला 'एक्स्प्लोझिव्ह लायसन्स' म्हणतात. वाहनांना इंधन देणाऱ्या पंपाचा परवाना नमुना १४ मध्ये असतो आणि त्याच्या मागच्या अटी बारीक अक्षरात असतात. त्या एकदा तरी पूर्ण वाचा. व्हेंट पाइपचं तोंड जमिनीपासून किमान ४ मीटर उंच हवं आणि त्यावर जाळी हवी, पूर्वमंजुरीशिवाय टाकीत वा लाइनमध्ये फेरफार नको, अशा रोजच्या गोष्टी तिथेच लिहिलेल्या आहेत. परवाना कुणाच्या नावावर आहे तेही पाहा. कंपनीच्या नावावर असला तरी ताबा तुमचा आहे.

परवान्याआधी लागतो जिल्हा प्रशासनाचा ना हरकत दाखला. मापांसाठी वैधमापन खातं: डिस्पेन्सरचं मुद्रांकन दर वर्षी, साठवण टाकीची पडताळणी दर ५ वर्षांनी. टाकीची बांधणी आणि बसवणी भारतीय मानक १०९८७ प्रमाणे होते, आणि पंपावरच्या एकूण हाताळणीसाठी तेल उद्योगाचं २२५ क्रमांकाचं सुरक्षा मानक आहे. पर्यावरणाच्या बाजूने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, १० किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर अंतर, अगदीच जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून किमान ३० मीटर, हा त्यातला सर्वात चर्चेत असलेला भाग. जागा बघायला जाल तेव्हा टेप घेऊनच जा. नंतर वाद झाला तर प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापर्यंत जाऊ शकतं.

टाकी बसत असेल तर खड्ड्याजवळून हलू नका

नवा पंप उभा राहतोय किंवा जुनी टाकी बदलतेय, अशा वेळी दोन दिवस खड्ड्याजवळ उभं राहणं हे पुढच्या वीस वर्षांसाठी तुम्ही करू शकाल ते सर्वात उपयोगी काम आहे. माती टाकून झाल्यावर कुणालाच काही दिसणार नाही.

टाकी उतरवण्याआधी कोटिंगवर ठिणगी चाचणी होते. कोटिंगला कुठे बारीक छिद्र असेल तर यंत्र तिथे आवाज करतं. उतरवताना साखळीने ओरखडा उठला तर तिथे दुरुस्ती करून पुन्हा चाचणी घ्यायला लावा. गंज अशाच एखाद्या रुपयाएवढ्या उघड्या जागेतून सुरू होतो आणि सगळा जोर तिथेच काढतो. भोवती भरायची वाळू स्वच्छ, दगडगोट्यांशिवाय हवी. खोदलेलाच मुरूम-दगड परत ढकलून देण्याचा ठेकेदाराचा मोह मोठा असतो, तो तिथेच थांबवा. आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा.

कोकणात, किंवा नदी-कालव्याच्या काठी पंप असेल तर पाण्याच्या उचलीचा विचार सर्वात आधी. २० हजार लिटरची टाकी पूर्ण पाण्याखाली गेली तर तिला जवळपास २० टन वर ढकलणारा जोर लागतो. रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून खाली काँक्रीटचा स्लॅब आणि त्याला टाकी बांधून ठेवणारे पट्टे लागतात. बसवल्यानंतर पहिल्याच पावसात टाकी रिकामी ठेवणं धोक्याचं आहे. टाकी वर उचलली गेली नाही तरी थोडी हलते, लाइनचे जोड ताणले जातात, आणि गळती तिथून सुरू होते. खाऱ्या हवेच्या पट्ट्यात कोटिंगच्या जोडीला कॅथोडिक संरक्षणाबद्दल, म्हणजे विजेच्या बारीक प्रवाहाने गंज रोखण्याबद्दल, कंपनीच्या इंजिनिअरशी बोला.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीची तऱ्हा वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हे दर वर्षी होत राहतं आणि लाइनवर ताण येतो. तिथे काळी माती पूर्ण काढून वाळूचा जाड थर देणं आणि लवचीक दुपदरी पाइप वापरणं हाच मार्ग.

आणि सगळ्या महाराष्ट्रासाठी एक गोष्ट. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखं झिरपत नाही, भेगा आणि सांध्यांमधून धावतं. सांडलेलं पेट्रोलही त्याच वाटेने जातं. त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहील आणि दोन शेतं सोडून असलेल्या बोअरला वास येईल, असं होऊ शकतं. 'शेजारच्या विहिरीत काही नाही, म्हणजे आपल्याकडे गळती नाही' हा निष्कर्ष आपल्या भूगर्भात चालत नाही.

टँकर खाली करताना

जमिनीत जाणारं इंधन नेहमी भोकातूनच जातं असं नाही. बराच माल भरताना सांडतो, आणि तेच वर्षानुवर्षं एकाच जागी. क्रम असा ठेवा:

१. लोड मागवण्याआधीच डीप घेऊन टाकीत जागा किती आहे ते काढा. टाकी काठोकाठ कधीच भरायची नाही, वर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. येणारा कप्पा पूर्ण मावत नसेल तर लोड मागवू नका.

२. टँकर बाहेर पडायच्या दिशेने तोंड करून लावा. इंजिन बंद, चाकाला ठोकळे, अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या जवळ. अर्थिंगची क्लिप आधी, होस नंतर.

३. माल काही मिनिटं स्थिर होऊ द्या. मग सील, डीप आणि डेन्सिटी तपासा. १५ अंश सेल्सिअसला आणलेली डेन्सिटी चलनावरच्या आकड्याशी घनमीटरला ३ किलोच्या आत जुळली पाहिजे.

४. होस योग्य टाकीच्या फिल पाइपलाच लागला आहे, हे ड्रायव्हर आणि तुमचा माणूस अशा दोघांनी पाहायचं. त्या टाकीची विक्री तेवढा वेळ बंद.

५. खाली होईपर्यंत दोघांपैकी कुणीही जागा सोडायची नाही. चहा नंतर.

६. होस काढताना त्यात राहिलेला माल फिल पाइपमध्येच उतरवा. फिल पाइपभोवतीच्या स्पिल बकेटमध्ये साचलेलं काढून घ्या, जमिनीवर ओतू नका. झाकण लावून कुलूप.

सांडलंच तर पाण्याचा पाइप लावून गटारात ढकलायचं नाही. वाळू किंवा भुसा टाकून टिपून घ्यायचं आणि तो भुसा वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवायचा. टँकर खाली करताना वाफ व्हेंटमधून बाहेर पडते. तुमची माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी राहतील असं बघा. पेट्रोलने हात धुणं, तोंडाने नळीतून पेट्रोल ओढणं, ऑटो कट झाल्यावरही 'राउंड फिगर' करायला नोझल दाबत राहणं, या तिन्ही सवयी पहिल्याच आठवड्यात मोडून काढा. सेल्समन दिवसाचे आठ-दहा तास त्या वाफेत असतात, ग्राहक पाच मिनिटं. ज्या पंपांवर वाफ परत टाकीत नेणारी यंत्रणा बसवली आहे, तिथे ती 'मशीन स्लो चालतं' म्हणून बंद ठेवू नका.

डीप आणि हिशेब : इथे सर्वात जास्त वेळ द्या

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: सकाळचा साठा, अधिक आलेला माल, वजा मीटरची विक्री, अधिक टेस्टिंगसाठी नोझलमधून मापात काढून टाकीत परत ओतलेला माल, बरोबर हिशेबी साठा. त्याची तुलना डीपच्या साठ्याशी. जो फरक येतो तो वहीत लिहिला जातो, आणि बहुतेक पंपांवर गोष्ट तिथेच संपते.

आता गळतीचं गणित बघा. दर सेकंदाला एक थेंब गळतोय असं धरा. थेंब ०.०५ मिलिलिटरचा. दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. आणि २० हजार लिटरची टाकी अर्धी भरलेली असताना डीप रॉडवरचा १ मिलिमीटर म्हणजे साधारण १२ ते १३ लिटर. म्हणजे एका दिवसाच्या डीपमध्ये ही गळती दिसूच शकत नाही. डीप मारणाऱ्याचा हात तेवढा इकडेतिकडे होतोच. दिसते ती फक्त बेरजेत. म्हणून रोजच्या फरकाशेजारी आणखी एक रकाना आखा: महिन्याच्या १ तारखेपासून आजपर्यंतच्या फरकांची बेरीज. डीपची चूक कधी अधिक, कधी उणे असते, त्यामुळे बेरजेत ती एकमेकींना खाऊन टाकते. गळती मात्र रोज उणेच असते. बेरीज शून्याच्या आसपास वरखाली होत राहिली तर ठीक. ती रोज थोडी थोडी खाली सरकत असेल तर थांबून विचार करायचा.

खाली सरकण्याची इतरही कारणं असतात, आणि ती वेगळी काढता आली पाहिजेत.

तापमान. टँकरमधून माल गरम येतो, जमिनीखाली थंड होतो आणि आकसतो. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला हजारात साधारण एक भाग आकसतं. १२ हजार लिटरचं लोड ८ अंशांनी थंड झालं तर शंभर लिटरच्या आसपास 'गायब' होतात. पण ही तूट लोड आल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येते आणि थांबते.

मीटर. ५ लिटरच्या मापात एखादं नोझल १० मिलिलिटर जास्त देत असेल, तर ते मान्य मर्यादेतच आहे, पण दिवसाला ५ हजार लिटर विकलं की १० लिटर तूट पडते. म्हणून सकाळच्या टेस्टिंगमध्ये 'ओके' एवढंच न लिहिता, प्रत्येक नोझल किती अधिक किंवा किती उणे देतंय तो आकडा लिहा.

बाष्पीभवन. पेट्रोलला जास्त, डिझेलला फार कमी. डिझेलच्या टाकीत सतत तूट येत असेल तर 'उडून गेलं' हे उत्तर स्वीकारू नका.

या तिघांत एक समान गुण आहे. तूट उलाढालीबरोबर वाढते-घटते. टाकीच्या भोकातली गळती घड्याळाप्रमाणे चालते. विक्री असो नसो, पंप चालू असो वा बंद, ती तेवढीच. म्हणून जास्त विक्रीच्या महिन्यातली तूट आणि कमी विक्रीच्या महिन्यातली तूट लिटरमध्ये शेजारी मांडा. पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी डिझेलची विक्री उतरते. विक्री निम्म्यावर आली आणि तूट तेवढीच राहिली, तर मीटरला दोष देता येणार नाही. फक्त दाबाच्या लाइनमधली गळती याला अपवाद आहे. ती एसटीपी जितका वेळ चालेल तितकी वाढते, त्यामुळे ती मीटरच्या चुकीसारखी दिसू शकते. म्हणूनच लाइनची चाचणी वेगळी.

पक्कं करायचं असेल तर टाकी शांत ठेवून बघा. रात्री पंप बंद होत असेल तर उत्तमच. २४ तासांचा पंप असेल तर एका टाकीची विक्री सहा-सात तास थांबवा. लोड नुकतंच उतरवलेलं नको. सुरुवातीला आणि शेवटी एकाच माणसाने, एकाच रॉडने, प्रत्येकी दोनदा डीप आणि पाण्याचा डीप घ्यायचा, तापमानासह. एटीजी, म्हणजे टाकीतला साठा आपोआप मोजणारी यंत्रणा, असेल तर त्याची स्थिर चाचणी याच वेळेत चालवा, तो हाताच्या डीपपेक्षा खूप बारीक फरक पकडतो. पण एटीजी आहे म्हणून रॉड कपाटात ठेवू नका. फ्लोट अडकतो, प्रोबवर मळ साचतो, आणि चुकीचा आकडा पडद्यावर अगदी नीटनेटका दिसतो. रोज एकदा तरी हाताने पडताळा घ्या. रॉड मात्र अलगद टेकवायचा. एकाच जागी वर्षानुवर्षं आपटून टाकीचा तळ तिथे झिजतो.

अमेरिकेत भूमिगत टाक्यांचे केंद्रीय नियम १९८८ मध्ये आले आणि तेव्हापासून तिथे ५ लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या. तिथे फक्त साठ्याच्या हिशेबावर विसंबणं पुरेसं मानत नाहीत. त्याच्या जोडीला टाकीची घट्टपणा चाचणी लागते, आणि संशय आला की २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. आपल्या नियमांच्या पलीकडे जाऊन मी हा २४ तासांचा दंडक प्रत्येक नव्या डीलरला स्वतःहून पाळायला सांगेन. वेळ गेला की खर्च वाढतो हे तर आहेच, पण त्या वेळात कुणीतरी ते पाणी पीत असतं.

टाकीतलं पाणी : पावसाळ्यातला इशारा

टाकीच्या तळाशी पाणी आलं की पहिला प्रश्न पडतो ग्राहकाच्या गाडीचा. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: पाणी आलं कुठून? मॅनहोलच्या झाकणातून आलं असेल तर गॅस्केट बदलून काम होतं. पण झाकण कोरडं आहे, मॅनहोलभोवतीचा चेंबर कोरडा आहे, तरी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वाढतंय, तर भूजलाची पातळी टाकीच्या वर आलेली असू शकते आणि भोकातून पाणी आत ढकललं जातंय. अशा वेळी साठ्याचा हिशेब तूट दाखवत नाही, उलट वाढ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. पाणी उतरलं की त्याच भोकातून इंधन बाहेर जायला लागतं. पावसाळ्यात पाणी आलेल्या टाकीची दाब चाचणी दिवाळीपर्यंत लांबवू नका.

इथेनॉल आल्यापासून पाणी ओळखणं अवघड झालं आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थोडं पाणी ते मुरवून घेतं, आणि प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. जुनी वॉटर पेस्ट, म्हणजे पाणी लागलं की रंग बदलणारा रॉडवरचा लेप, हा थर नीट दाखवत नाही. इथेनॉल मिश्रणासाठीचीच पेस्ट वापरा आणि पावसाळ्यात दिवसातून एकदापेक्षा जास्त वेळा तपासा. चेंबरमध्ये साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ते पाणी मोटर लावून रस्त्यावरच्या गटारात सोडू नका. ते ऑइल-वॉटर सेपरेटरमधून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीतून, गेलं पाहिजे.

संशय पक्का झाला तर : पहिल्या दिवशी काय करायचं

१. त्या टाकीची विक्री बंद. एसटीपीचा ब्रेकर पाडा, नोझलला कुलूप. येणारं लोड थांबवा.

२. तळघरात, गटारात, केबलच्या डक्टमध्ये किंवा विहिरीत वास येत असेल तर आधी १०१ किंवा ११२. तिथला दिवा, पंखा, मोटर चालूही करायचे नाहीत आणि बंदही. बटणाची ठिणगी पुरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती खड्ड्यात आणि तळघरात बसून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं तरी भडका उडू शकतो.

३. हिशेब एकदाच, तासाभरात पुन्हा तपासा: लोडची नोंद, टेस्टिंगचा परतावा, मीटर रीडिंग, चार्ट त्याच टाकीचा आहे का. यावर तीन दिवस घालवायचे नाहीत.

४. कंपनीच्या सेल्स ऑफिसरला फोन, आणि लगेच लेखी. पेसो, जिल्हा प्रशासन आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय यांना कळवण्याबद्दल त्याच पत्रात विचारा आणि उत्तराची वाट बघत बसू नका.

५. टाकीतला माल कंपनीच्या देखरेखीखाली दुसऱ्या टाकीत किंवा टँकरमध्ये काढा. नुकसान खरोखर कमी करणारी कृती हीच. भूजल वर असेल तर रिकाम्या टाकीच्या उचलीचा मुद्दा मात्र इंजिनिअरला आठवण करून द्या.

६. टाकी आणि लाइन यांची दाब चाचणी वेगवेगळी. दोष बहुतेकदा जोडांमध्ये सापडतो.

७. आजूबाजूच्या विहिरी-बोअरवाल्यांना त्याच दिवशी सांगा आणि पिण्याच्या पाण्याची सोय करून द्या. बदनामीची भीती वाटते, समजण्यासारखं आहे. पण लपवलेली गळती पुढे उघड होतेच, आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची' हे तत्त्व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

खोदाईत वास येणारी माती निघाली तर ती शेतात किंवा रस्त्याकडेला टाकायची नाही. ताडपत्रीवर ठेवा, वरून झाका.

टाकी साफ करणं : आत माणूस उतरवू नका

टाकी रिकामी केली, दोन तास उघडी ठेवली, आता काय होतंय, असं म्हणून आत उतरलेली माणसं परत वर आलेली नाहीत. तळाच्या गाळातून ढवळताच वाफ सुटते. टाकी साफ करण्याचं काम प्रशिक्षित ठेकेदाराचं आणि शक्यतो बाहेरूनच, यंत्राने. आत जाणं अटळच असेल तर लेखी परवाना, वायुमापकाने प्राणवायू आणि ज्वलनशील वाफ दोन्ही मोजणं, सतत हवा खेळती ठेवणं, बाहेरून श्वास पुरवणारा मास्क, कमरेला दोर आणि मॅनहोलवर सतत एक माणूस. यातली एकही गोष्ट नसेल तर काम थांबवायचा अधिकार तुमचा आहे, आणि तो वापरा. आत कुणी कोसळलं तर त्याच्यामागे उडी मारणारा दुसराही जातो. हे सगळ्या स्टाफला आधीच सांगून ठेवा.

निघालेला गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधा आहेत. गाळ तिकडे गेल्याची पोच फाइलला लागली नाही तोवर ठेकेदाराचं बिल देऊ नका.

शेजारच्या विहिरीसाठी

पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल किंवा पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसत असेल तर ते पाणी पिणं, स्वयंपाक आणि आंघोळ, तिन्ही बंद. उकळून उपयोग नाही, उकळताना बेंझिन हवेत येतं आणि श्वासातून आत जातं. गाळ काढायला किंवा मोटर बघायला विहिरीत कुणालाही उतरवू नका आणि काठावर बिडी-सिगारेट नको.

नमुना घेताना प्लॅस्टिकची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून काचेच्या बाटल्या मागवा, काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. चाचणी सांगताना 'पाणी तपासा' एवढंच म्हणालात तर क्षार आणि जंतू तपासून मिळतील. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन अशी नावं लिहून द्या. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. भूजल कोणत्या दिशेने वाहतं हे समजून घ्यायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाची मदत होते. एका नमुन्यावर थांबू नका. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा.

सोसायटी, हॉटेल किंवा रुग्णालयाच्या जनरेटरसाठी डिझेल साठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: डिझेलसारख्या ब वर्गाच्या इंधनाचा साठा एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तरच परवान्यातून सूट आहे. अशा साठ्याखाली गळलेलं अडवणारं पक्कं बांधकाम करून घ्या.

पंप बंद करताना किंवा टाकी निकामी करताना

वापरात नसलेली टाकी तशीच जमिनीत सोडून देणं सर्वात वाईट. माल थोडा तरी उरलेला असतो, डीप कुणी घेत नाही, आणि गंज आपलं काम करत राहतो. टाकी पूर्ण रिकामी करा, साफ करून गॅस-फ्री, म्हणजे आत पेटणारी वाफ उरली नसल्याचं, प्रमाणपत्र घ्या, पेसोला कळवून ती उपसून काढा. भंगारवाल्याला देण्याआधी ती कापण्यायोग्य सुरक्षित आहे याचा दाखला जोडा. आत वाफ उरली असेल तर गॅस कटर लावताच रिकामी टाकी फुटू शकते. काढणं शक्यच नसेल तर वाळूने किंवा पातळ काँक्रीटने पूर्ण भरून घ्या. टाकी निघाली की खड्डा लगेच बुजवू नका. तळाच्या आणि चारही बाजूंच्या मातीचे नमुने, आणि पाणी लागलं असेल तर त्याचाही नमुना घ्या. अहवाल जमिनीच्या कागदपत्रांसोबत ठेवा, म्हणजे उद्या त्या जागेवर घर बांधणाऱ्याला आणि तिथे बोअर मारणाऱ्याला तो मागता येईल.